बंद दिवसांची फी

डोंबिवलीच्या आमच्या घरात कालनिर्णयवर दूध, गॅस आणि पेपरच्या नोंदी असत, आणि त्यांच्याबरोबर आईने निळ्या पेनाने काही तारखांभोवती केलेले गोल. ते काकूंच्या सुट्ट्यांचे. काकू आपल्या दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत चटया अंथरून सोसायटीतल्या आम्हा सगळ्या पोरांना सांभाळायच्या. गणपतीत त्या कोकणात जात, मे महिन्यात माहेरी. आईची कचेरी फोर्टात. तिथे गणपतीची सुट्टी एका दिवसाची, आणि मे महिना इतर महिन्यांसारखाच. काकूंचे निळे गोल आणि सरकारी लाल तारखा कधी पुरत्या जुळल्या नाहीत. आधी आईच्या किरकोळ रजा संपत, मग खालच्या मजल्यावरची कॉलेजात जाणारी ताई दिवसाच्या हिशेबाने पैसे घेऊन आमच्याकडे येऊन बसे.

म्हणजे त्या महिन्यात पैसे दोनदा जायचे. काकूंची फी पूर्ण, वर ताईचे वेगळे. बाबा दर मे महिन्यात विचारत, "पाळणाघर बंद, मग पैसे कसले?" आई भाकरी थापता थापता म्हणायची, "मी रजेवर असते तेव्हा माझा पगार कापतात का?" बाबांकडे यावर उत्तर नसे. आमचं घर काही सुखवस्तू नव्हतं. त्या महिन्यात नवी चप्पल पुढे ढकलली जाई, पण काकूंचं पाकीट एक तारखेला पोचलेलं असे.

आईचं ते वाक्य मला खऱ्या अर्थाने कळलं ते पुण्यात, माझ्या मुलीला पाळणाघरात घातल्यावर. तिथे वर्षाच्या सुरुवातीलाच सुट्ट्यांची छापील यादी हातात मिळाली. तळाशी एक ओळ होती : बंद दिवसांची फी वजा होणार नाही. दिवाळीच्या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून चांगलीच जुंपली. मला दोन्ही बाजू पटत होत्या. एका दिवसासाठी बाई मिळवायची तर एजन्सी सांगेल तो दर द्यावा लागतो. ती बाई मुलीला अनोळखी, आणि मुलगी दारात उभी राहून रडत असताना ऑफिसला निघायचं. हे सोपं नाही, आणि ज्या घरात एकच पगार येतो तिथे ते परवडतही नाही.

तरीही मी पाळणाघर चालवणाऱ्या ताईंना एवढंच विचारलं, की बंद दिवसांत मदतनीस मावशींना पगार मिळतो का. मिळतो म्हणाल्या, आणि मावशींनीही तेच सांगितलं. माझ्यापुरता वाद तिथे मिटला. जागेचं भाडं मुलं नसली म्हणून थांबत नाही. रोज दुपारी मुलांना मऊ भात भरवणाऱ्या बाईचं पोटही दिवाळीत सुट्टी घेत नाही. पण उलटही तितकंच खरं आहे. पालकांकडून फी पूर्ण घ्यायची आणि मावशींचे मात्र खाडे धरायचे, अशीही पाळणाघरं मी पाहिली आहेत. तिथे पालकांनी भांडावं, आणि फी कापण्यासाठी नाही, तर मावशींच्या पगारासाठी भांडावं.

मार्च 2020 मध्ये सगळंच बंद झालं, तेव्हा हा हिशेब उघडा पडला. पहिले एकदोन महिने बऱ्याच जणांनी फी दिली, काहींनी अर्धी दिली, पुढे ती थांबली. कित्येकांचे स्वतःचेच पगार कापले गेले होते, त्यांना दोष कसा द्यायचा? त्या ताईंनी अखेर जागा सोडली. ऑफिसं पुन्हा उघडली तेव्हा तेच पालक मुलांना घेऊन पाळणाघर शोधत फिरत होते.

हा सगळा भार आई आणि पाळणाघराच्या काकू, या दोघींनीच आपापसात का वाटून घ्यायचा? 1948 च्या कारखाना कायद्यातच पाळणाघराची तरतूद होती. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायदा बदलला आणि 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जाण्याची मुभाही त्यात मिळाली. कायदा चांगला आहे. पण छोट्या दुकानांत, घरकामात, बांधकामावर राबणाऱ्या आईपर्यंत तो पोचत नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा धाकटा अंगणवाडीत जायचा. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तो संप पुढे जानेवारीतही चालू राहिला. त्यांच्या मागण्या रास्त होत्या. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्येच मान्य केला होता, तरी त्यासाठीही त्यांना झगडावं लागत होतं. पण त्या आठवड्यांत धाकट्याला सांभाळायला मावशींची सहावीतली मुलगी घरी राहिली. मावशींना बदली माणूस पैसे देऊन आणता येत नव्हता, म्हणून किंमत त्या मुलीच्या शाळेने चुकवली. डोंबिवलीच्या आमच्या घरी दोनदा पैसे जायचे, पण आम्हा भावंडांची शाळा कधी बुडली नाही.

म्हणून ज्यांना परवडतं त्यांना माझी विनंती आहे. मे महिन्याची आणि दिवाळीची पाळणाघराची फी पूर्ण द्या, आणि ती तिथल्या मदतनीस मावशींपर्यंत पोचते का हे विचारा. आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईची अंगणवाडी बंद आहे म्हणून ती येऊ शकली नाही, तर त्या दिवसाचा खाडा धरू नका.