म्हातारा ट्रक आणि रस्त्याकडची जमीन

कर्जतहून खोपोलीची लोकल धरली की पळसदरी, केळवली, डोलवली आणि लौजी अशी चार लहान स्टेशने लागतात. अंतर जेमतेम १५ किलोमीटर. पण दिवाळीनंतर हा प्रवास डोळे निववणारा असतो. भात कापून झालेले असते, खाचरांतल्या ओलीवर पेरलेला वाल डोके वर काढू लागतो, माळावरचे गवत पिवळे पडते आणि डाव्या हाताला सह्याद्रीची भिंत सोबत करते.

खोपोलीला टाटांचे वीजघर आहे. १९१५ साली ते सुरू झाले. घाटावरच्या तलावांचे पाणी नळांतून खाली येते, वीज देते आणि पुढे पाताळगंगेला मिळते. घर शंभरी ओलांडलेले, पण आतली यंत्रे काळाप्रमाणे बदलत गेली. त्या दिवशी हे ध्यानात राहण्याचे कारण वेगळेच होते. खालापूर तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने मला वालावरची कीड पाहायला बोलावले होते. कीड फारशी नव्हतीच. खरे दुखणे आंब्याखाली उभे होते.

ते म्हणजे १९६६ सालचा टाटा-मर्सिडीज ट्रक. पुढे लांब बॉनेट आणि जाळीवर तीन टोकांचा तारा. टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी १९५४ मध्ये करार करून जमशेदपूरला हे ट्रक बांधायला घेतले. तो करार १९६९ ला संपला आणि ताराही गेला. या घरच्या आजोबांनी हा ट्रक १९७४ साली जुना म्हणून घेतला. दाबून बांधलेल्या गवताच्या गाठी भरायच्या आणि गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांना पोचवायच्या, हा त्यांचा धंदा. कधी तांदूळ घेऊन बोरघाट चढायचे, तेव्हा शिंगरोबाच्या देवळापाशी नाणे टाकल्याशिवाय पुढे जात नसत. १९९४ पासून ट्रक जागेवरच होता.

नातवाच्या मनात तो पुन्हा उभा करायचा होता. "साहेब, रस्त्याकडचे वीस गुंठे विकतो. ट्रक नवा करतो, उरलेल्या पैशात पाहुण्यांसाठी खोल्या बांधतो. मुंबईची माणसे ट्रकमधून फिरतील." त्याचे वडील गप्प होते. गॅरेजवाल्याने साडेपाच लाखांचा अंदाज दिला होता.

मी काही मिस्त्री नव्हे. पण शेतीची अवजारे पाहण्यात उमर गेली. म्हटले, आधी हातोडी आण.

गंजाचे दोन प्रकार असतात. पत्र्यावर वरवर चढलेला गंज घासला की जातो. पत्रा बदलताही येतो. ट्रकचा कणा म्हणजे चासीचे दोन लांब बीम. ते आतून खाल्ले गेले की गोष्ट निराळी. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जिथे पाणी, माती नि पालापाचोळा साचतो, तिथे लोखंड आधी मरते. म्हणून पाट्यांचे आधार, रिव्हेटच्या जागा आणि आडव्या पट्ट्यांचे सांधे नीट ठोकून पाहायचे. चांगले लोखंड ठणकते, मेलेले बद्द वाजते.

पुढच्या भागात ठणठण आवाज आला. मागच्या पाट्यांच्या आधारापाशी आवाज बसला आणि तिसऱ्या ठोक्याला हातोडीचे टोक आत गेले. तिथे वेल्डिंगचे ठिगळ लावून ट्रक दारात शोभेला उभा राहील. पण भार घेऊन रस्त्यावर आला तर माणसांच्या जिवाशी खेळ होईल.

इंजिनाचे काय? अडकलेले इंजिन ट्रॅक्टरने ओढून सुरू करू नये. इंजेक्टर काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे आणि हळूहळू हाताने फिरवून पाहावे. ब्लॉकला चीर आहे का, तेलात पाणी उतरले आहे का, हेही बघावे.

मग कागद मागवले. नोंदणी आजोबांच्याच नावावर होती. वारसाची नोंद नव्हती आणि कर थकलेला होता. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. पन्नास वर्षांवरच्या जुन्या मोटारींसाठी २०२१ मध्ये वेगळे नियम आले, पण त्या नियमांखालची गाडी धंद्याला लावता येत नाही. आणि मालट्रकमध्ये पाहुणे बसवून फिरवणे कायद्यात बसत नाही. साडेपाच लाखांच्या अंदाजात यातले काहीच धरलेले नव्हते.

मुलाचा चेहरा उतरला. इतका वेळ ओटीवर वाल निवडत बसलेली आजी तेव्हा बोलली, "बाबा, ही वीस गुंठे तुझ्या आजानं ह्या गाडीच्या भाड्यावर घेतली. गाडीनं जमीन आणली. आता जमीन इकून गाडी उभी करायची का रं?"

कोणी काही बोलले नाही.

शेतकरी बंधूंनो, जुनी गाडी दुरुस्त करूच नये, असे माझे म्हणणे नाही. कणा शाबूत असेल, कागद सरळ असतील, तिला रोजचे काम असेल आणि पैसा बाजूला पडलेला असेल, तर जरूर करावी. वीजघरही त्याच रीतीने टिकले. पण यांतली एक जरी बाजू लंगडी असेल, तर जमिनीला हात लावण्याआधी दहादा विचार करावा.

निघताना मी त्यांना सांगितले, आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या आणि ट्रक अधिकृत भंगार केंद्राला द्या. भंगारवाल्याला नुसता ओढून देऊ नका, नाहीतर कागदोपत्री गाडी तुमच्याच गळ्यात राहील.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा आंब्याखालची जागा मोकळी होती. ओटीवरच्या भिंतीला स्टिअरिंग आणि तो तारा टांगलेला होता. रस्त्याकडच्या वीस गुंठ्यांत वाल शेंगेला आला होता. आजीने पोपटीसाठी म्हणून पिशवीभर शेंगा माझ्या हातात दिल्या.