मोडण्यासाठी घडवलेली गाडी

१/ इतिहासप्रेमी मित्रहो, एखाद्या वस्तूचा अस्सलपणा नेमका कशात असतो? ताम्रपट किंवा जुने नाणे हाती आले की आपण हा प्रश्न विचारतोच. गेल्या उन्हाळ्यात तो मला एका मोटारीसमोर उभे राहून विचारावा लागला. श्टुटगार्टजवळ राहणाऱ्या माझ्या एका जर्मन मित्राने १९६३ सालची मर्सिडीज-बेंझ २२० एसबी विकत घेतली. त्या गाडीची ही हकीकत. #थ्रेड

२/ पहिल्याच रविवारी त्याच्या अंगणात आम्ही सहा-सातजण जमलो. गाडी सुरू करून दाखव, असे कोणीही म्हणाले नाही. जाणकार मंडळी हात पाठीशी बांधून गाडीभोवती फिरत होती आणि कारखान्यातून निघाली तेव्हाचे तिच्यात काय उरले आहे, ते शोधत होती. बॉनेटखालच्या पट्टीवर रंगाचा संकेत सापडला : ०५०, म्हणजे पांढरा. इंजिनावरचा क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळला, तेव्हा एका वयस्कर गृहस्थांनी समाधानाने टोपी काढली.

३/ मग सगळे मागे वळले. मागच्या मडगार्डांवर दोन लहान, टोकदार पंख आहेत. हे मॉडेल १९५९ साली आले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत कॅडिलॅकचे पंख सर्वांत उंच झाले होते. जर्मन अभियंत्यांनाही त्या लाटेपासून अलिप्त राहता आले नाही. पण निव्वळ शोभेसाठी काही लावले, असे म्हणवून घेणे त्यांना रुचेना. कंपनीने या पंखांना अधिकृत नाव दिले ‘पाइलश्टेगं’, म्हणजे गाडी मागे घेताना अंदाज बांधण्यासाठीच्या खुणेच्या कडा. लोकांनी मात्र गाडीचे नाव सरळ ‘हेकफ्लोसं’, म्हणजे शेपटीपंखी, असे ठेवले. पुढे तेच रूढ झाले.

४/ आत डोकावलो. वेगमापक गोल नाही, उभा आहे. तापमापीतील पाऱ्याप्रमाणे त्यात रंगाची पट्टी वर चढते. ताशी ५० किलोमीटरपर्यंत ती पिवळी, ६० पर्यंत पिवळी-लाल पट्ट्यापट्ट्यांची आणि त्यापुढे निव्वळ लाल. पश्चिम जर्मनीत वस्तीतून जाताना ५० ची वेगमर्यादा १९५७ साली लागू झाली होती. म्हणजे कायद्याचा तो आकडा या काचेमागे रंगरूपाने बसलेला आहे. डॅशबोर्डची कड मऊ आहे. स्टीअरिंगच्या मध्यभागी गुबगुबीत उशीसारखी तबकडी आहे. दाराच्या कुलपात निमुळती खुंटी आहे. अपघातात दार आपोआप उघडू नये आणि अडकून जामही होऊ नये, यासाठी ती योजना.

५/ हे सारे तपशील एकाच दिशेला बोट दाखवतात. त्या दिशेला उभा आहे बेला बारेनी. जन्म १९०७, व्हिएन्नाजवळच्या हिर्टेनबर्ग गावी. १९३९ साली तो डाइमलर-बेंझमध्ये रुजू झाला. त्याच्या नावावर २,५०० हून अधिक पेटंटे आहेत. त्या काळची सर्वसाधारण समजूत अशी की गाडी जितकी भक्कम, तितकी सुरक्षित. बारेनीने १९५१ साली दाखल केलेल्या पेटंटात नेमके उलटे मांडले. त्याच्या मते गाडीचा मधला कक्ष कणखर असावा. पुढचा आणि मागचा भाग मात्र धडक बसताच चुरगळावा.

६/ कारण साधे आहे. धडकेची ऊर्जा कोठेतरी जाणारच. पत्रा दुमडताना ती ऊर्जा खर्च होते आणि गाडीला थांबायला क्षणभर जास्त मिळतो. पत्रा दुमडला नाही, तर तोच आघात आतल्या माणसांच्या छातीवर आणि मानेवर येतो. ही कल्पना सर्वप्रथम प्रत्यक्षात आली ती याच शेपटीपंखी गाडीत. सप्टेंबर १९५९ मध्ये याच कंपनीने झिंडेलफिंगेन येथे गाडी अडथळ्यावर आदळवून पाहण्याची आपली पहिली चाचणी घेतली. आता काळाची निकड पाहा : १९७० या एका वर्षात पश्चिम जर्मनीत रस्त्यांवर १९,००० हून अधिक माणसे मेली.

७/ पुन्हा अंगणात येऊ. दुपारी गाडी उचलून आम्ही खालून पाहिली आणि सगळे गप्प झालो. पुढच्या दोन्ही लांब पोकळ दांड्यांवर कोणीतरी कधीकाळी जाड पोलादी पट्ट्या वेल्डिंग करून बसवल्या होत्या. मूळ पत्रा गंजला असणार. ज्याने काम केले, त्याने आपल्या परीने प्रामाणिकपणे ‘मजबुती’ केली होती. जोड इतका सफाईदार की वरून कळूही नये.

८/ वाद सुरू झाला. मी म्हणालो, राहू द्या. ही दुरुस्तीही गाडीच्या आयुष्याचाच भाग आहे. जुन्या मंदिरावरचा उत्तरकालीन जीर्णोद्धार आपण खरवडून काढतो का? माझा युक्तिवाद मला स्वतःला फार आवडला होता. त्यावर मघाच्या टोपीवाल्या गृहस्थांनी शांतपणे विचारले, “मागच्या आसनावर कोण बसणार आहे?”

९/ मित्राने ही गाडी कपाटात ठेवण्यासाठी घेतलेली नाही. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन त्याला आजोळी जायचे आहे. या गाडीत सुरक्षापट्टे नाहीत; तेथे नव्या गाड्यांच्या पुढच्या आसनांना ते बंधनकारक झाले १९७४ पासून. म्हणजे त्या मुलीसाठी या गाडीत जे काही संरक्षण होते, ते बारेनीने त्या पत्र्याच्या दुमडण्यात ठेवले होते. आणि नेमके तेच कोणीतरी सद्भावनेने बंद करून टाकले होते.

१०/ पट्ट्या कापून काढायच्या आणि मूळ जाडीचा पत्रा बसवायचा, असे ठरले. खर्च गाडीच्या किमतीच्या जवळपास चौथ्या हिश्श्याइतका. मुलीने विचारले, “म्हणजे बाबा, गाडी कमजोर करायला पैसे द्यायचे?” आम्ही हसलो. पण खरे तर त्या दिवसातले सर्वांत अचूक वाक्य तिचेच होते. काम होईपर्यंत गाडी गल्लीबाहेर काढायची नाही आणि त्यानंतर मागच्या आसनालाही पट्टे बसवून घ्यायचे, असे मित्राने जाहीर केले. हे पट्टे मूळचे नव्हेत, अशी कुरकुर एकानेही केली नाही.

११/ जर्मनीत ३० वर्षांहून जुन्या आणि बहुतांशी मूळ स्थितीत राखलेल्या गाडीला क्रमांकपाटीवर ‘एच’ हे अक्षर मिळते. त्या अक्षराच्या मोहाने आम्ही सकाळभर पंख, काच आणि रंग तपासत होतो. गाडीतली सर्वांत ऐतिहासिक गोष्ट मात्र त्यांपैकी कशातच नव्हती. ती होती एका गंजलेल्या पत्र्याच्या जाडीत.

१२/ म्हणून मित्रहो, पुढच्या वेळी जुनी वस्तू पाहाल, तेव्हा ‘यातले मूळचे काय उरले?’ हे जरूर विचारा. पण त्याच्या जोडीला ‘ही वस्तू काय करण्यासाठी घडवली होती आणि ते ती अजून करते का?’ हेही विचारा. मी तो दुसरा प्रश्न विसरलो होतो. गाडी सध्या गॅरेजात उभी आहे, पुढचा भाग उघडा टाकून. (समाप्त)