तासाच्या शेवटी मूल काय करेल?

‘विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची संकल्पना समजावून देणे’ असं टाचणवहीत लिहिलं की मुख्याध्यापकांची सही बिनबोभाट मिळते. त्या वाक्यात सगळं काम शिक्षक करतो. मुलानं काय करायचं, याचा पत्ताच नाही.

पाचवीच्या तासाला मी उद्दिष्ट असं लिहितो : ‘एकतृतीयांश आणि एकचतुर्थांश यांत मोठा कोणता, हे विद्यार्थी सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या दुमडून दाखवतो आणि कारण सांगतो.’ वहीच्या रकान्यात हे मावत नाही, पण त्यातला शब्द न् शब्द कामाचा आहे. ‘सारख्या लांबीच्या’ गाळलं तर तुलनाच फसते. ‘कारण सांगतो’ गाळलं तर अर्धा वर्ग शेजाऱ्याची पट्टी बघून मोकळा होतो. तीनपेक्षा चार मोठे, म्हणून एकचतुर्थांश मोठा, असं बऱ्याच मुलांचं ठाम मत असतं आणि ते कारण विचारल्यावरच बाहेर पडतं. शिवाय वाक्य लिहितानाच ध्यानात येतं, की तीन सारख्या भागांची घडी मुलांना चटकन जमत नाही. त्या पट्टीवर आधीच खुणा करून न्यायला हव्यात.

बी.एड.ला ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे खाने भरून घेतात. त्यामागे ब्लूम आणि सहकाऱ्यांची १९५६ची मांडणी आहे. मला मात्र रॉबर्ट मेगर जास्त उपयोगी वाटतो. १९६२च्या पुस्तकात त्यानं तीनच गोष्टी मागितल्या : शिकणारा काय करताना दिसेल, कोणत्या परिस्थितीत, आणि कितपत जमलं म्हणजे जमलं. सराव पाठात खाने रिकामे दिसू नयेत म्हणून एका तासाला सात-आठ उद्दिष्टं रचली जातात. एक पुरे, फार तर दोन. एनसीईआरटीनं २०१७ मध्ये दिलेल्या अध्ययन निष्पत्ती वर्षभराच्या शिकण्यासाठी आहेत. त्या एका तासाच्या टाचणात जशाच्या तशा उतरवू नयेत.

कवितेच्या तासाला हा हिशेब मी सैल सोडतो. तिथं ‘रसग्रहण करतो’ असं लिहून मोजायला बसलं, की मुलं कविता सोडून मार्गदर्शकातली उत्तरं पाठ करतात.

उद्याचं टाचण काढाल तेव्हा शेवटच्या पाच मिनिटांत मुलांना काय करायला देणार, ते आधी लिहा आणि त्यावरून उद्दिष्ट लिहा. रकाना पुरला नाही तर समासात लिहा.