वर फेणी, तळाशी जळकी साखर

माझा भाऊ आणि वहिनी दर डिसेंबरात पुण्याहून आमच्याकडे फोंड्याला येतात. रात्री जेवणाआधी फेणीची बाटली उघडली की वहिनी खुर्ची मागे सरकवते. भाऊ ग्लासात बोटभर फेणी घेतो आणि वास मरेपर्यंत त्यात लिंबू-सोडा ओतत राहतो. "ताई, तुम्ही हे कसं पिता गं?" हा प्रश्न मी बावीस वर्षं ऐकते आहे आणि दर वेळी मला मनापासून वाईट वाटतं.

लग्न होऊन आले तेव्हा मलाही हा वास नकोसा होता. तो कळला सत्तरी तालुक्यातल्या एका फेणीच्या भट्टीवर. एप्रिलची दुपार होती. कोळंबीत, म्हणजे दगडात कोरलेल्या खळग्यात, दोन माणसं काजूचे पिकलेले बोंडू पायांनी तुडवत होती. तो रस दोन-तीन दिवस आंबवून भाणात, म्हणजे गाळायच्या भांड्यात, चढवतात. पहिल्या धारेचा तो उर्राक, हलका आणि त्या मोसमापुरताच. उर्राक आंबलेल्या रसाबरोबर पुन्हा गाळला की फेणी. तिचा वास म्हणजे त्या तुडवलेल्या बोंडूंचाच वास, धुरातून आणि मातीतून गेलेला. वरून कुठलाही मसाला नाही की सुगंध नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ती लिंबू-सोड्यात बुडवायला हात होत नाही.

गेल्या नाताळात ठरवलं, फेणी अशी द्यायची की वहिनीलाही ती आवडेल, पण वास लपवायचा नाही. शेजारच्या आंटीच्या घरून तेव्हाच बेबिंका आली होती. ताटलीत तो तुकडा पाहताना सुचलं, हाच ग्लासात का नको? दोघीही इथल्याच. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बेबिंकाला २०२३ मध्ये. आमच्या घरात मात्र फेणी जेवणाआधी आणि बेबिंका जेवणानंतर. दोघींची कधी गाठच पडलेली नव्हती.

बेबिंका करताना मी आंटीच्या स्वयंपाकघरात अनेकदा बसले आहे. नारळाचं दाट दूध, अंड्यांचे बलक, साखर, मैदा, तूप, जायफळ. सामान एवढंच, पण एक थर ओतायचा, भांड्यावर निखाऱ्यांचं झाकण ठेवायचं, थर वरून तांबूस झाला की तूप सोडून पुढचा ओतायचा. निदान सात थर, जास्त कितीही. आख्खी दुपार जाते. मी मधेच झाकण उचलायला गेले की ती म्हणायची, "सवकास, बाय, सवकास." बेबिंकाची खरी चव त्या वरून लागलेल्या आचेत आहे, करपण्याच्या अगदी अलीकडच्या साखरेत.

पहिला प्रयत्न फसला. मी सगळं एकत्र घुसळलं: नारळाचं दूध, बलक, साखर आणि फेणी. दिसायला छान, पण चवीला फेणी कुठेच नव्हती. वास तेवढा उरला होता, साखरेत मुरून सडल्या फळासारखा झालेला. यातून मला जे कळलं ते आजही ठाम वाटतं. फेणीला गोडात मिसळू नये, गोडावर ठेवावं. नाकाला आधी ती भेटली पाहिजे, जिभेला नंतर गोड. म्हणजे इथेही थरच हवेत.

थर उभे राहतात ते वजनावर. साखरेचा पाक पाण्याहून जड, मद्यार्क पाण्याहून हलका. फेणीत मद्यार्काचं प्रमाण सुमारे ४२.८ टक्के, त्यामुळे ती सहज वर राहते. तळाला जळक्या साखरेचा पाक, मधे नारळाचं दूध आणि वर फेणी, हे गणित कागदावर सोपं होतं.

पाकाने पहिल्यांदा अडवलं. साखर कोरडीच वितळवून गडद तांबूस केली, गरम पाणी घातलं (लांब उभं राहून, फार उडतं) आणि चांगला घट्ट पाक आटवला. ग्लासात सुरेख दिसला. पण ग्लास उपडा केला तरी तो तळालाच चिकटून बसला. वरचे दोन थर पोटात गेले आणि बेबिंकाची मुख्य चव ग्लासातच राहिली. एका घोटात प्यायच्या गोष्टीत तिन्ही थर एकदमच तोंडात आले पाहिजेत. मग पाक पातळ केला, पातळ मधासारखा, पटकन ओघळणारा. तेवढा पातळ झाला तरी तो दुधाहून जडच असतो, तळ सोडत नाही.

मधल्या थराने दोन दिवस घेतले. बेबिंकाच्या हिशेबाने मी पाव लिटर दुधाला चार बलक घेतले, तर गार झाल्यावर ते चमच्याने खायचं झालं. दोन पुरतात. दुसऱ्या खेपेला थेट आचेवर ठेवलं, बलक शिजून गुठळ्या झाल्या. उकळत्या पाण्यावर दुसरं भांडं ठेवून, न थांबता ढवळत, चमच्याच्या पाठीवर साय धरेल इतकंच शिजवायचं. तिसऱ्या खेपेला ते जमलं, आणि मी ते रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी पृष्ठभागावर पांढरे कण! खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरात बाटलीतलं तेल थिजतं तसंच हे. तेव्हापासून मी ते त्याच दिवशी करते, मलमलच्या फडक्यातून गाळते आणि देण्याआधी अर्धाच तास गार करते.

डब्यातलं नारळाचं दूध मी वापरून पाहिलं. चालतं, पण ताज्या नारळाचा गोडवा त्याला येत नाही. एक मोठा नारळ खवून, थोडं कोमट पाणी घालून वाटला की पाव लिटर दाट दूध निघतं आणि बारा ग्लास होतात. दुधात चार चमचे साखर, चिमूटभर मीठ, चमचाभर साजूक तूप. तूप विसरू नये. त्याशिवाय नारळाच्या खिरीची चव येते, बेबिंकाची नाही.

एका ग्लासाला पाक दहा मिलिलिटर, दूध वीस, फेणी पंधरा. दूध आणि फेणी दोन्ही चमच्याच्या पाठीवरून, ग्लासाच्या कडेने, अगदी बारीक धारेने सोडायची. आंटीचं ते "सवकास" इथे अक्षरशः लागू आहे. घाई केली की फेणी दुधात शिरते आणि रेघ पुसते. शेवटी जायफळ, तेही तिथल्या तिथे किसून. आमच्या भागातल्या कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत, जायफळाची झाडं आहेत, त्यामुळे मला ते ताजं मिळतं. डब्यातल्या जुन्या पुडीने मात्र सगळी मेहनत वाया जाईल.

नाताळच्या रात्री जेवण झाल्यावर ग्लास मांडले. तळाला तांबूस काळपट, मधे पिवळसर पांढरा, वर पाण्यासारखी नितळ फेणी. भाच्याच्या ग्लासात अर्थातच फेणीच्या जागी आणखी थोडं दूध. आंटीलाही बोलावलं होतं. वहिनीने ग्लास नाकाशी नेला, थांबली, आणि एका दमात रिकामा केला. मग बराच वेळ काही बोललीच नाही. "आधी तो वास आला," ती नंतर म्हणाली, "आणि मग तो जळक्या साखरेत जाऊन बसला. वेगळा नाही राहिला." बावीस वर्षं मी जे समजावत होते ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. आंटीने सावकाश, दोन घोटांत घेतला आणि तूप थोडं वाढव म्हणाली. मी वाढवलं आहे, वर लिहिलेलं प्रमाण वाढवलेलंच आहे.

भावाने परत जाताना एक बाटली नेली. गोव्याबाहेर दारू नेताना लागणारा परवाना त्याने आदल्या दिवशीच काढून घेतला होता. तुम्हीही नेणार असाल तर तो काढाच. आणि घरी करून पाहाल तेव्हा ग्लास तोंडाला लावण्याआधी एकदा नाकाशी धरा, जायफळाच्या मागून बोंडूचा वास येईपर्यंत.