जुळणें आणि सुटणें

आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिन हें प्रथिन फुप्फुसांत प्राणवायूशीं जुळतें आणि अवयवांपाशीं त्यास सोडून देतें, हें आम्हीं वर्गांत शिकलों. परंतु या जुळण्यास व सुटण्यास वेळ तरी किती लागतो, असा प्रश्न आमच्यापैकीं एकानें काढला, आणि आम्ही सारेच त्याच्या मागें लागलों.

घड्याळ हातीं धरून ही क्रिया मोजूं म्हणणें म्हणजे वीज मुठींत धरण्यासारखें होय. तथापि केंब्रिज येथील हार्ट्रिज व रॉटन यांनीं १९२३ सालीं त्यावर नामी युक्ति योजिली. दोन द्रव वेगानें एकत्र आणून त्यांनीं ते एका नळींतून वाहते ठेविले, व नळीच्या निरनिराळ्या ठिकाणीं मिश्रणाचा रंग तपासला. मिश्रण सेकंदास १ मीटर धांवत असेल, तर मुखापासून १ सेंटिमीटरवर दिसणारा रंग सेकंदाच्या १/१०० भागानंतरचा. काळ मोजावयास फूटपट्टी! कोणत्याहि जादूगाराचें आम्हांस एवढें कौतुक वाटलें नसतें.

हें गणित प्रयोगशाळेपुरतेंच आहे असें मात्र नाहीं. आमच्यांतील एकाच्या आजोळीं, थंडीच्या दिवसांत बंद खोलींत कोळशाची शेगडी घेऊन निजलेलीं दोन माणसें सकाळीं उठलींच नाहींत. कोळसा अर्धवट जळतांना निघणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असतो, आणि हिमोग्लोबिनास तो प्राणवायूहून २०० पटींपेक्षां अधिक घट्ट धरतो. यावरून तो झडप घालण्यांत मोठा चपळ असावा असें वाटेल. वस्तुस्थिति उलट आहे. जुळण्यांत तो प्राणवायूहून मंदच. त्याचें सारें बळ सुटण्यांतील दिरंगाईंत आहे. प्राणवायु सेकंदाच्या अल्पांशांत सुटतो. याच्या सुटण्यास मिनिटांचा हिशेब लागतो.

मग बाधा झालेल्या मनुष्याच्या रक्तांतील हा वायु मोकळ्या हवेंतहि निम्मा होण्यास ४ ते ५ तास कां लागावेत? कारण सुटलेला रेणु बाहेर पडण्यापूर्वींच शेजारचें हिमोग्लोबिन त्यास पुन्हा पकडतें. म्हणून केवळ रक्ताकडे पाहून सुटण्याच्या वेगाचा अंदाज बांधणारा फसतो. खरा वेग काढावयाचा तर रिकामी जागा तत्काळ अडविणारा दुसरा पदार्थ भरपूर घालून हें पुनर्मीलन रोखावें लागतें. रुग्णास शुद्ध प्राणवायु देतात तेव्हां हेंच घडतें. रिकामी झालेली जागा प्राणवायु पटकावतो, निराश्रित रेणु श्वासावाटें निघून जातो, आणि ४-५ तासांचें काम सुमारें दीड तासांत होतें.