‘किमान देय’ या शब्दांचा अर्थ

आम्ही बेळगावातील एका सरकारी मराठी शाळेचे मुख्याध्यापक. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातून मराठी घेऊन एम. ए. झालो, त्याला आता तीस वर्षे होत आली. एवढ्या काळात अनेक अवघड ओळींचा अर्थ आम्ही विद्यार्थ्यांना सांगितला, आणि प्रसंगी शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही न विचारता सांगितला. परंतु तीन साध्या इंग्रजी शब्दांचा अर्थ न कळल्यामुळे आम्ही वर्षभर कसे फसलो, आणि तो अर्थ एका वृत्तपत्रलेखकाने आम्हांस कसा शिकविला, ही हकिकत आज सांगावयाची आहे. ‘फसलो’ हे क्रियापदही तितकेसे बरोबर नाही. आम्हांला कुणी फसविले नव्हते. सारे कागदावर लिहिलेले होते. आम्ही ते वाचले नाही, इतकेच.

एके दिवशी मधल्या सुटीत गळ्यात टाय बांधलेला एक तरुण कार्यालयात आला आणि वाकून पाया पडला. “सर, ओळखलंत का? मी तिसऱ्या बाकावर बसत होतो,” असे त्याने म्हणताच आमचे मन भरून आले. मास्तराला दुसरे काय हवे असते? तो एका बँकेची क्रेडिट कार्डे घेऊन हिंडत होता. “सर, वर्षाची फी काही नाही. तुमचा पगार सरकारी, लगेच मंजूर होईल. माझं या महिन्याचं टार्गेट तेवढं पूर्ण होईल.” विद्यार्थ्याचे टार्गेट अपुरे राहावे हे आम्हांस सहन होईना. आम्ही सही केली.

पुढे कन्येला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आणि तिला लॅपटॉप घ्यावा लागला. किंमत चाळीस हजार रुपये. आम्ही ते कार्ड दुकानदाराच्या हाती दिले, आणि खिशातून एक पैही बाहेर न पडता वस्तू घरी आली. महिनाअखेर बिल आले. त्यात एके ठिकाणी एकूण रक्कम होती, आणि तिच्याखाली ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ या शब्दांपुढे दोन हजारांचा आकडा होता. आम्ही मनातल्या मनात भाषांतर केले, ‘किमान देय रक्कम’. भाषांतर अचूक होते. अर्थ मात्र आम्ही आमच्या सोयीचा लावला. बँक दरमहा दोन हजार मागते आहे, म्हणजे वीस हप्त्यांत चाळीस हजार फिटतील, असा आमचा हिशेब. दर महिन्यास ही रक्कम दहा-वीस रुपयांनी उतरत असे, आणि कर्ज फिटत चालल्याचे समाधान आम्हांस मिळे.

ही गोष्ट आम्ही घरात सांगितली नव्हती. उधारीची वस्तू उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही, हा आमच्या वडिलांचा दंडक, आणि आमच्या सौ.ने तो आमच्याहून अधिक निष्ठेने पाळलेला. म्हणून “महागाई भत्त्याची थकबाकी मिळाली, त्यातून लॅपटॉप घेतला,” असे आम्ही तिला सांगून टाकले होते.

नवरात्राच्या आधी घराची झाडलोट चालली होती. आमच्या मराठी दैनिकाबरोबर सोमवारी अर्थविषयक पुरवणी येते. ती आम्ही कधी उघडीत नसू. आमच्या दृष्टीने तिचा उपयोग फडताळात डब्यांखाली घालण्यापुरता. सौ. तीच पुरवणी फडताळात अंथरीत होती. अंथरता अंथरता थांबली आणि उभ्याउभ्याच वाचू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, “अहो, हे खरं असेल का हो? दोन हजार भरायचे आणि फिटायचे साडेतीनशे?”

आम्ही पुरवणी हाती घेतली. लेखकाने योगायोगाने चाळीस हजारांचेच उदाहरण घेतले होते. पूर्ण बिल मुदतीत भरले तर व्याज नाही. पूर्ण भरले नाही, तर बिनव्याजी मुदतीची सवलत जाते आणि खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते. कित्येक कार्डांवर हा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतो, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के. चाळीस हजारांवर महिन्याचे व्याज १,४०० रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के कर, २५२ रुपये. एकूण १,६५२. तुम्ही भरलेल्या दोन हजारांतून हे वजा केले की मुद्दलात जमा होतात ३४८ रुपये. याच चालीने वर्षभर बिलाच्या पाच टक्के भरीत राहिलात, तर सुमारे २२,९०० रुपये भरून कर्ज उतरते ते अवघे चार हजारांनी. ते निम्म्यावर यायलाच साडेसहा वर्षे लागतात.

आम्ही काही न बोलता आत गेलो आणि पुस्तकांमागे ठेवलेली बारा बिले बाहेर आणली. वर्षभर आम्ही फक्त खालचा आकडा पाहिला होता. वरचा आकडा त्या दिवशी प्रथम नीट पाहिला. अजून छत्तीस हजार शिल्लक होते.

सौ.ने बारा बिले एकामागून एक पाहिली. आमचा समज होता की ती व्याजाबद्दल बोलेल. ती म्हणाली, “कर्जाचं मला एवढं वाटत नाही. थकबाकीतून घेतला म्हणालात, त्याचं वाटतं.” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही. संध्याकाळी तिने भिशीचे पैसे आणून आमच्यापुढे ठेवले. ते तिने पाटल्यांसाठी साठविले होते. “उद्या सकाळी भरून या. आणि यापुढे सोमवारची पुरवणी मला विचारल्याशिवाय रद्दीत टाकायची नाही.”

त्या दिवसापासून आम्ही या पुरवण्यांचे वाचक झालो. तेव्हा ध्यानात आले की आम्हां मराठी सुशिक्षितांच्या मनात पैशाविषयी लिहिणाऱ्यांबद्दल एक सूक्ष्म तुच्छता असते. कवितेचा अर्थ सांगणारा तो विद्वान, आणि बिलाचा अर्थ सांगणारा तो कारकून. वास्तविक आपल्याच परंपरेने याचे खंडन केलेले आहे. ‘प्रभाकर’ पत्रातून शतपत्रे लिहिणारे लोकहितवादी आम्ही परीक्षेसाठी पाठ केले. परंतु त्याच गोपाळ हरी देशमुखांनी १८४९ मध्ये ‘लक्ष्मीज्ञान’ या नावाचे अर्थशास्त्रावरील पुस्तक मराठीत आणले, याकडे आम्ही एका ओळीची टीप म्हणूनच पाहिले. समाजाला शहाणे करावयाचे तर त्याला पैशाचे ज्ञान दिले पाहिजे, हे त्यांना तेव्हाच उमगले होते.

अमेरिकेतील सिल्व्हिया पोर्टर यांचे चरित्र वाचताना तर आम्ही वरमलो. त्या कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकत होत्या. १९२९ साली शेअरबाजार कोसळला आणि त्यांच्या विधवा आईची पुंजी बुडाली. तेव्हा साहित्य सोडून त्या अर्थशास्त्राकडे वळल्या. १९३५ मध्ये ‘न्यूयॉर्क पोस्ट’मध्ये त्या लिहू लागल्या, पण नाव छापले जाई ते ‘एस. एफ. पोर्टर’. पैशाविषयी बाई सांगते आहे हे कळले तर वाचक विश्वास ठेवणार नाहीत, अशी त्या काळची समजूत. हा पडदा १९४२ मध्ये दूर झाला. पुढे त्यांचे सदर शेकडो वृत्तपत्रांतून येऊ लागले. अर्थखात्याची बोजड भाषा घरातल्या माणसाला समजेल अशी करून सांगणे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. आमच्या घरात पुरवणी प्रथम कुणी वाचली, हे आठवून आम्ही त्या समजुतीला मनोमन हसलो.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. २३ एप्रिल १९९२ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त स्टेट बँकेतील पैशांच्या गोंधळाची बातमी देऊन हर्षद मेहता प्रकरण उजेडात आणणाऱ्या सुचेता दलाल यांचे शालेय शिक्षण आमच्या बेळगावात आणि महाविद्यालयीन शिक्षण धारवाडला झाले. त्यांचा विषय संख्याशास्त्र. पुढे देबाशिष बसू यांच्यासह त्यांनी ‘मनीलाइफ’ हे नियतकालिक काढले, आणि २०१० मध्ये त्याच नावाचे प्रतिष्ठान स्थापून सामान्य ठेवीदारांना व ग्राहकांना सल्ला देण्याचे काम आरंभिले. मोनिका हलान यांचे २०१८ मधील ‘लेट्स टॉक मनी’ हे पुस्तकही आम्ही कन्येकडून मागवून वाचले. मिळकत, खर्च आणि गुंतवणूक यांसाठी तीन वेगळी बँकखाती ठेवा, असे त्या सांगतात. सौ. म्हणाली, “सासूबाई हेच तीन डब्यांत करीत होत्या.”

मात्र असे लिहिणारे सारेच एका माळेचे मणी नव्हेत. कोणते कार्ड घेतले म्हणजे फुकट विमानप्रवास घडेल, कोणत्यावर किती पॉइंट मिळतील, याचेही मोठे लेखन आज होत असते. अमेरिकेत २०१० मध्ये सुरू झालेला ‘द पॉइंट्स गाय’ हा उपक्रम या प्रकारातला विख्यात. वाचकाने कार्ड घेतले की लिहिणाऱ्यास कार्ड-कंपनीकडून कमिशन मिळते, आणि तसे ते जाहीरही करतात. जाहीर करणे चांगलेच. परंतु वाचकाने एक प्रश्न विचारीत राहिले पाहिजे: हा जे सांगतो आहे, त्याचा मेहनताना कोण देतो? वाचक, की कार्ड विकणारा? पॉइंटांचा लाभ खरा असतो, पण तो दरमहा पूर्ण बिल भरणाऱ्याचा. आमच्यासारख्या किमान रक्कम भरणाऱ्याने शंभर रुपयांचे पॉइंट मिळवावे आणि चौदाशे रुपये व्याज द्यावे, यात कसला लाभ?

अशा लेखकांची गरज आज अधिक आहे, याचे एक कारण कायद्यातही आहे. क्रेडिट कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द ठरविला. व्याजाच्या दराविषयीचे धोरण हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत, असे न्यायालयाचे म्हणणे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम घालून दिले, त्यांत केवळ किमान रक्कम भरीत राहिल्यास परतफेड कित्येक महिने किंवा वर्षे लांबेल, हा इशारा प्रत्येक बिलावर ठळकपणे छापण्याचे बंधन आहे. सारे बिल फेडून कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला, तर बँकेने सात कामकाजी दिवसांत ते बंद करावे, नाहीतर विलंबाच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये ग्राहकास द्यावेत, असेही त्यात होते. आम्ही आमची बारा बिले पुन्हा काढून पाहिली. तो इशारा बाराही बिलांवर छापलेला होता. छापलेला मजकूर वाचला जाण्यासाठी मध्ये कुणीतरी बोट ठेवणारा लागतो. आम्ही वर्गात आयुष्यभर हेच काम करीत आलो, आणि आमच्याच बिलावर बोट ठेवायला दुसरा कुणी यावा लागला.

कार्ड बंद करून आम्ही निश्चिंत झालो होतो. परवा गणपत गल्लीत तो आमचा विद्यार्थी भेटला. तोच टाय, तोच नमस्कार. आम्ही त्याला चहाला नेले आणि आमचा अनुभव हसत हसत सांगितला. त्याला बोल लावण्याचा हेतू नव्हता. तो ऐकत होता, पण हळूहळू त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, “सर, माझ्याकडं दोन कार्डं आहेत. मीपण मिनिममच भरतो. मला वाटत होतं, आपलं सगळं वेळेवर चाललंय.”

चहा निवला. तिसऱ्या बाकावरच्या या मुलाला आम्ही समास शिकविले होते, अलंकार शिकविले होते, वृत्ते घोटवून घेतली होती. बिल वाचायला शिकविले नव्हते. जो स्वतः वाचू शकत नव्हता, त्याच्या हाती कागद देऊन बँकेने त्याला आमच्याकडे पाठविले, आणि आम्हीही न वाचता त्यावर सही केली. त्यातला दोष नेमका किती त्याचा आणि किती आमचा, याचा हिशेब आम्हांला अजून जमलेला नाही.

त्या रविवारी तो दोन्ही बिले घेऊन घरी आला. सौ.ने फडताळातले डबे बाजूला केले, खालची पुरवणी काढली, कापडाने पुसून टेबलावर पसरली, आणि आम्ही तिघे पहिल्या ओळीपासून वाचू लागलो.