शनिवारी पहाटे पाच वाजता



गेल्या आठवड्यात ऑफिसात चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, वीकएंडला काय करतोस? आजूबाजूला एकजण मासेमारीला जाणारा, एकजण सायकलवाला, एक बाई हाफ मॅरेथॉनची तयारी करणारी. मी ठोकून दिलं, "बागकाम." आमच्या अल्बनीच्या घराची बाग म्हणजे कुंपण आणि भिंत यांच्यामधली चार फुटांची पट्टी. त्यात एक कढीपत्ता, तोही थंडीनं काकडलेला. खरं उत्तर होतं, एज ऑफ एम्पायर्स. वय अडतीस, बायको, एक मुलगा, डोक्यावर घराचं कर्ज, आणि छंद काय तर व्हिडिओ गेम! सांगायची लाज वाटली. का वाटली म्हणून विचार करत बसलो, तर गाडी थेट मिरजेला पोचली.

१९९७-९८ ची गोष्ट. आमच्या गल्लीत एकानं टीव्हीला जोडायचे चिनी डबे ठेवले होते, तासाला पाच रुपये. कॅसेटवर लिहिलेलं '९९९९९९ इन वन', आत खरे गेम पंधरा-वीस, बाकी तेच तेच फिरवून. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. काँट्रामध्ये तीस जीव मिळवायला वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए. एकोणतीसचा पाढा विसरलो, हे विसरलो नाही. एकदा अण्णांनी (माझे वडील) मला तिथे पकडलं. मारलं नाही. सायकलच्या नळीवर बसवून घरी आणलं, वाटेत एक शब्द नाही. दारात उतरवताना फक्त म्हणाले, "पाच रुपयांत एका वेळच्या चहाचं दूध येतं."

झालं. तेव्हापासून गेम म्हणजे कुणाच्या तरी वाटणीचं दूध, हे डोक्यात पक्कं बसलं.

पुढे सांगलीला इंजिनिअरिंग, २००५ ते २००९. होस्टेलच्या खिडक्यांतून या खोलीतून त्या खोलीत नेटवर्कच्या वायरी सोडलेल्या. काउंटर-स्ट्राइक, क्रिकेट ०७, आणि रात्र रात्र एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग. आम्ही चौघं पक्के. आज एक पुण्यात, एक बंगळुरात, एक सॅन होजेला आणि मी इथे. व्हॉट्सअॅपवर ग्रूप आहे, पण त्यावर वाढदिवसाचे केक आणि गुड मॉर्निंग यापलीकडे काही होत नव्हतं. २०१९ मध्ये त्याच जुन्या खेळाची नवी आवृत्ती आली आणि पुणेकरानं सगळ्यांना घ्यायला लावली.

वेळेचं गणित मात्र भलतंच. इथल्या हिवाळ्यात शनिवारी पहाटे पाच म्हणजे भारतात शुक्रवार रात्रीचे साडेदहा आणि कॅलिफोर्नियात शुक्रवार सकाळचे दहा. तिकडचा 'मीटिंग' लावून ठेवतो :-) उन्हाळ्यात इथली घड्याळं पुढे गेली की पुण्यात साडेनऊच होतात, त्याच्या पोरी झोपलेल्या नसतात, मग मध्येच "बाबा, तो घोडा मला दे" असं ऐकू येतं. २०२२ मध्ये भारताच्या राजवटींचा भाग निघाला. आधी एकच 'इंडियन्स' होते, त्यांचे हिंदुस्तानी झाले आणि बंगाली, द्रविड, गुर्जर असे तीन नवे आले. मराठे नाहीत! खेळ मध्ययुगाचा, तेव्हा काळाच्या हिशेबानं ते बरोबरही असेल, पण पुणेकर अजून रुसलेला आहे.

हात आता पूर्वीसारखे चालत नाहीत हे कबूल करतो. समोर सतरा वर्षांचं पोर आलं की दहा मिनिटांत आमची होळी. म्हणून आम्ही चौघं एका बाजूला आणि कॉम्प्युटर दुसऱ्या बाजूला. गंमत जिंकण्यात नाहीच. समोरासमोर फोनवर आम्हाला बोलता येत नाही. हात कामात असले की येतं. बंगळुरूवाल्याची नोकरी गेली ते त्यानं भिंत बांधता बांधता सांगितलं, आणि पुढची वीस मिनिटं कोणी "सॉरी यार" वगैरे म्हटलं नाही, सगळ्यांनी गुपचूप आपापलं सोनं त्याला पाठवलं. खेळातलं सोनं. त्याचा हप्ता त्यातून थोडाच भरणार, पण तो हसला.

मुलापुढे मात्र अवघड होतं. त्याला आठवड्याला तीन तास, असं फ्रीजवर लिहून लावलंय. एक दिवस त्यानं खाली माझं नाव लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह. बायको म्हणाली, "भर आता." भरला, तीन तास. त्याला मित्राकडचा जीटीए हवा होता. इथे त्यावर लाल आर-१८ चं लेबल असतं, आणि अठराखालच्याला असा गेम देणं कायद्यानं गुन्हा आहे, अगदी आईबापांनासुद्धा. मी स्वतः होस्टेलवर ती मालिका अठराआधीच खेळलोय, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

आई गेल्यावर गेल्या हिवाळ्यात अण्णा इथे आले. दिवसभर खिडकीत. पाऊस, समोर मोटरवेकडे जाणाऱ्या गाड्या, बोलणं जेमतेम. एका शनिवारी मी अंधारात हेडफोन लावून बसलेलो आणि मागे पावलं वाजली. अडतीस वर्षांचा घोडा, पण पोटात तोच गोळा आला जो मिरजेत आला होता. अण्णा खुर्ची ओढून बसले. बराच वेळ बघून म्हणाले, "ही शेतं कुणाची?" म्हटलं, आपली. तेवढ्यात एक शेत संपलं आणि मी ते पुन्हा पेरलं. "बी कुठाय?" बी नाही, लाकूड द्यावं लागतं. "लाकूड देऊन शेत पेरतात होय!" कितीतरी दिवसांनी हसले.

मी हेडफोन काढून स्पीकर लावला. बंगळुरूवाल्याचा आवाज त्यांनी लगेच ओळखला. रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा, आईच्या हातची आमटी वाटीनं प्यायचा. तो म्हणाला, "अण्णा, काकू गेल्या तेव्हा यायला जमलं नाही." मला वाटलं अण्णा उठून जातील. ते बोलायला लागले. शेवटच्या आठवड्यात आई काय काय म्हणाली, कुणाकुणाची आठवण काढली, दवाखान्यात शेवटच्या रात्री तिनं माझ्यासाठी कुठला डबा भरून ठेवायला सांगितला होता. मला त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. चौघांचेही हात थांबले होते. स्क्रीनवर कॉम्प्युटरच्या फौजेनं आमचं गाव पेटवलं, आणि कुणी माउसला हात लावला नाही. सगळं जळून गेल्यावर अण्णा म्हणाले, "अरे, तुमचं नुकसान झालं की."

सप्टेंबरात ते परत गेले.

या सोमवारी पुन्हा तोच चहा, तोच प्रश्न. सांगून टाकलं, पहाटे उठून गेम खेळतो, मित्रांबरोबर. मासेमारीवाला, पन्नाशीचा गडी, कप खाली ठेवून म्हणाला, तो पाथ ऑफ एक्झाइल खेळतो. तो खेळ इथलाच, पश्चिम ऑकलंडात हेंडरसनला बनलेला, २०१३ मध्ये आला. दुसरा भाग डिसेंबर २०२४ मध्ये अर्धवट अवस्थेतच खुला केला तेव्हा यानं दोन दिवस 'सर्दी' झाल्याचं कळवलं होतं. मला म्हणाला, शिकवतो, ये. मी शनिवार सोडून कुठलाही वार चालेल म्हणालो.